मरहूम जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी : एका ठरवून घडविलेल्या कारकिर्दीची हकीकत

दहावी-बारावीचे निकाल लागले की बीडपासून अंबाजोगाई-परळीपर्यंत आमच्या मोहल्ल्यांतून घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : आता पोराला कुठे घालायचे? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारला जातो तेव्हा अर्ज भरण्याचे चार दिवस उरलेले असतात, दाखले निम्मे तयार नसतात, आणि मग शेजारच्याचा मुलगा जिकडे गेला तिकडे आपलाही जातो. कोणी मामाच्या गॅरेजवर, कोणी चुलत्याच्या दुकानात, तर कोणी जिथे जागा मिळेल त्या कॉलेजात, मिळेल त्या शाखेला. मामाचे गॅरेज वाईट असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हातात कसब असलेला माणूस उपाशी राहत नाही. पण ठरवून गॅरेजवर गेलेला मुलगा आणि कुठेच जमले नाही म्हणून तिथे ढकलला गेलेला मुलगा, या दोघांत पाच वर्षांनी जो फरक पडतो तो सर्वांना दिसतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे एका थोर पुरुषाचे चरित्र ठेवावे असे वाटले. मुंबई हायकोर्टाचे पहिले हिंदी बॅरिस्टर, त्या कोर्टाचे पहिले मुसलमान न्यायमूर्ती, राष्ट्रीय सभेचे तिसरे अध्यक्ष, आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, अशी बद्रुद्दीन तय्यबजी यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. पण हे सर्व झाले कसे, याची हकीकत फारशी सांगितली जात नाही. ती ऐकण्यासारखी आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईस झाला. घराणे सुलेमानी बोहरा जमातीचे. पूर्वज अरबस्तानातून येऊन खंबायतेस स्थायिक झालेले. वडील मुल्ला तय्यबअली यांनी मुंबईत व्यापारात चांगला जम बसविला होता. परदेशी मालाची आयात-निर्यात, गोऱ्या व्यापाऱ्यांशी रोजचा संबंध, असा त्यांचा व्यवसाय. स्वतःला इंग्रजी शिक्षण मिळाले नव्हते. परंतु रोजच्या व्यवहारात त्यांनी एक गोष्ट हेरली. माल कितीही चांगला असो, करारनामा ज्याला वाचता येतो आणि कायदा ज्याला समजतो, त्याच्याच हाती अखेरचा शब्द राहतो. मुंबईतल्या मुसलमानांकडे जहाजे होती, पेढ्या होत्या, वकील मात्र नव्हते.

तय्यबअलींनी मग जे केले त्याला त्या काळात मोठी हिंमत लागत होती. इंग्रजी शिकला की मुलगा हातचा जाईल, दीन विसरेल, अशी समजूत सर्वत्र होती, आणि ती सारीच अज्ञानातून आलेली होती असेही नाही. १८५७ पूर्वीचा आणि नंतरचा तो काळ. मिशनऱ्यांच्या शाळा हीच बऱ्याच ठिकाणी इंग्रजीची पहिली ओळख होती. अशा दिवसांत या गृहस्थाने आपली मुले एकामागून एक विलायतेस पाठविली. सर्वांना एकाच धंद्यात कोंबले नाही. काही व्यापारात राहिले, दोघे कायद्याकडे वळले. थोरले कमरुद्दीन यांनी सॉलिसिटरचा अभ्यास केला आणि १८५८ साली ते इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून दाखल झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

घरच्या भाषेचाही तय्यबअलींनी असाच विचार केला होता. बोहऱ्यांची घरची बोली गुजराती. त्यांनी घरात उर्दू बोलण्याचा प्रघात पाडला. आपली मुले बाकीच्या मुसलमानांपासून तुटून राहू नयेत, हा त्यातला हेतू असावा. पुढे या कुटुंबात 'अखबार' नावाच्या वह्या ठेवण्याची चाल पडली. घरातल्या लहानथोरांनी, मुलींनीसुद्धा, त्यांत प्रवासाची, अभ्यासाची, घरगुती घडामोडींची हकीकत लिहावी, सर्वांनी ती वाचावी. आज आपण मुलांना निबंध पाठ करून घेतो. या घरातली मुले लिहायला अशी शिकली.

बद्रुद्दीन यांचे पहिले शिक्षण दादा मखरा यांच्या मदरशात झाले. उर्दू आणि फारसी तिथे पक्की झाली. नंतर ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. मदरसा आणि इंग्रजी शाळा या दोन टोकांच्या गोष्टी आहेत असे मानणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. एकीकडून दुसरीकडे जाताना त्यांना पहिले टाकून द्यावे लागले नाही. पुढे आयुष्यभर सभांतून उर्दूत बोलणे आणि कोर्टात इंग्रजीत बोलणे त्यांना सारख्याच सहजतेने जमले, त्याचे मूळ इथे आहे.

पंधराव्या वर्षी बॅरिस्टर व्हायचे ठरले. थोरल्या भावाचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. आणि आमच्या मते या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. कमरुद्दीन नुसते पुढे गेले नव्हते, तर वाट पाहून आले होते. विलायतेत राहायला कुठे मिळते, कोणती परीक्षा आधी द्यावी लागते, किती टर्म भराव्या लागतात, खर्च किती येतो, खाण्यापिण्याची सोय कशी लावायची, नमाज-रोजा कसा सांभाळायचा, हे सर्व विचारण्याजोगे माणूस घरातच होते. शिवाय दोन भावांचे दोन पेशे एकमेकांना जोडलेले होते. इंग्रजी पद्धतीत अशील थेट बॅरिस्टरकडे जात नाही. तो सॉलिसिटरकडे जातो, सॉलिसिटर कागदपत्रे तयार करतो आणि कोर्टात उभे राहण्यासाठी बॅरिस्टरला ब्रीफ देतो. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत हीच पद्धत होती, आणि मोठ्या व्यापारी दाव्यांचे काम त्याच शाखेत चाले. ब्रीफ देणारे सॉलिसिटर गोरे आणि उभे राहणारे बॅरिस्टरही गोरे, अशा जागी एक भाऊ सॉलिसिटर आणि दुसरा बॅरिस्टर असणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण योजना कागदावर जितकी सरळ असते तितकी आयुष्यात उतरत नाही. बद्रुद्दीन यांचे डोळे लहानपणापासून अधू होते. आधी त्यांना फ्रान्सला नेऊन डोळ्यांवर उपचार करावे लागले. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता. बोटीने सुएझपर्यंत, तेथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, मग पुन्हा बोट, असा तो प्रवास. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लंडनच्या न्यूबरी हाय पार्क कॉलेजात दाखल झाले. लंडन विद्यापीठाची मॅट्रिक ही त्या काळी चांगलीच कठीण परीक्षा. लॅटिन तर करावीच लागे. उर्दू-फारसीच्या मुलाने ती भाषा अगदी मुळाक्षरांपासून शिकायची. १८६३ साली ते विद्यापीठात आणि मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. याच वर्षी वडील वारले.

इथे थोडे थांबू. ज्यांनी सारे आखले तेच गेले. आमच्याकडे अशा प्रसंगी काय होते? मुलाला परत बोलावतात, दुकानावर बसवतात, आणि शिक्षण संपते. तय्यबजींच्या घरी भावांनी वडिलांचा बेत पुढे चालविला. पैसा होता हे खरे. पण पैसा असलेल्या घरांतूनही असे बेत मोडलेले आपण पाहतोच.

त्यानंतर डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. अभ्यास इतका आणि दृष्टी अशी; १८६४ च्या अखेरीस त्यांना सर्व सोडून मुंबईस परतावे लागले. वीस वर्षांचा तरुण, विलायतेत चार वर्षे काढलेली, हाती पदवी नाही. लोक काय म्हणाले असतील याची कल्पना कोणीही करू शकेल. मुंबईत तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. याच वर्षी बद्रुद्दीन यांचे लग्न झाले. पत्नी राहत-उन-नफ्स या खंबायतेच्या शराफअली शुजातअली यांच्या कन्या. घरी बसून व्यापारात पडायला याहून सोपे निमित्त दुसरे नव्हते. परंतु वर्षभर डोळ्यांना विश्रांती देऊन, १८६५ संपता संपता ते पुन्हा लंडनला गेले, आणि जिथे सोडले होते तिथून अभ्यास पुढे सुरू केला. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. डिसेंबरात मुंबईस परतले.

जे विद्यार्थी एखादे वर्ष आजारपणात, नापासात किंवा घरच्या अडचणीत गेले म्हणून पुढचे सारेच सोडून देतात, त्यांनी १८६४ आणि १८६५ ही दोन साले लक्षात ठेवावीत. गेलेले वर्ष भरून काढता येते. त्यासाठी कुठून सोडले होते ते माहीत असावे लागते एवढेच.

वेळही अनुकूल होती, हे न सांगणे अन्यायाचे होईल. मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झालेले, म्हणजे अवघे पाच वर्षांचे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. कापसाच्या पडझडीनंतर दावेफिर्यादींचा सुकाळ. नव्या कोर्टात नव्या माणसाला जागा होती. ती दिसताच तयारी सुरू करून ती मिळाली नसती. तयारी सात-आठ वर्षे आधीच सुरू झाली होती, म्हणून कोर्ट उभे राहिले तेव्हा माणूस तयार होता. नोकरीची जाहिरात निघाल्यावर पुस्तके आणायला धावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सुरुवातीची तीन-चार वर्षे त्यांनी फक्त वकिली केली. सभा नाही, भाषणे नाहीत, पुढारीपण नाही. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा थोडाच, असा त्यांचा लौकिक झाला. तोंडातून वावगा शब्द नाही, साक्षीदाराशी सभ्यपणा, पण प्रश्नांची मांडणी अशी की खोटे बोलणारा आपोआप अडकावा. धंद्यात पाय रोवल्यावरच, १८७१ साली, ते मुंबईच्या नगरपालिकेत लोकनियुक्त सभासद असावेत या चळवळीत उतरले. तिथे फिरोजशहा मेहता त्यांच्या जोडीला होते. १८७३ साली नगरपालिकेवर निवडून गेले. १८७५ पासून मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर, १८८२ पासून कायदेमंडळावर. १८८५ साली फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. तिघेही वकील. आजच्या तरुणांना पुढारीपणाची घाई फार झाली आहे. आधी पोट आणि पेशा, मग पुढारीपण, हा क्रम या तिघांनीही पाळला होता.

१८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. यावरून सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचे मतभेद झाले, पत्रव्यवहारही झाला. एकाचे म्हणणे मुसलमानांनी राजकारणात न पडता शिक्षणाकडे लक्ष द्यावे, दुसऱ्याचे म्हणणे सर्वांच्या हिताच्या प्रश्नांत मुसलमानांनी सर्वांबरोबर उभे राहावे. तो वाद मोठा आहे आणि या लेखाचा विषय नाही. मुलांना शिकवले पाहिजे, यावर मात्र दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता.

आता अंजुमनकडे वळू, कारण आमच्यासारख्यांच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथे आहे.

तय्यबजींचे चरित्र वाचून कोणीही पालक म्हणेल की त्यांच्याकडे पैसा होता, वडील दूरदर्शी होते, भाऊ सॉलिसिटर होता. आमच्याकडे यातले काय आहे? आक्षेप खरा आहे. ज्या घरचे कर्ते माणूस सहा महिने ऊसतोडीला किंवा बांधकामावर परगावी असते, जिथे बाप ट्रक चालवतो आणि आई शिलाई करते, तिथे मुलाला विलायतेस पाठविण्याच्या गोष्टी सांगणे ही थट्टाच ठरेल. पण हा आक्षेप आपल्याआधी खुद्द बद्रुद्दीन यांनाच सुचला असावा. आपल्याला जे घरात मिळाले ते मुंबईतल्या हजारो मुसलमान मुलांना मिळत नाही, हे त्यांना दिसत होते. मक्तबात कुराणशरीफ पूर्ण झाले की मुलगा कामाला लागे. सरकारी शाळा मराठी किंवा गुजराती माध्यमाच्या. उर्दू बोलणाऱ्या मुलाला त्यांत पाय ठेवणे अवघड. म्हणजे मॅट्रिकची पायरीच नाही, मग पुढचे कॉलेज, वकिली, डॉक्टरी, सरकारी नोकरी हे सारे बंद.

१८७४ साली कमरुद्दीन, बद्रुद्दीन, नाखुदा मुहम्मदअली रोगे, मुन्शी हिदायतुल्ला अशा मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. चळवळीचा मुख्य भार बद्रुद्दीन यांनी वाहिला. वकिली भरात असताना, डोळे साथ देत नसताना, वर्गणी गोळा करणे, सरकारकडे अर्ज करणे, समाजातल्या संशयी लोकांना समजावणे हे सर्व त्यांनी केले. १८८० साली बाबुला टँकजवळ पहिली शाळा सुरू झाली. उर्दू होती, दीनी तालीम होती आणि त्याबरोबर इंग्रजी होती, जेणेकरून मुलगा विद्यापीठाच्या मॅट्रिकपर्यंत पोहोचावा. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे मुसलमानांच्या शिक्षणाबाबत त्यांनी साक्ष दिली. सरकारी आणि नगरपालिकेच्या अनुदानासाठी ते सतत झगडले. १८९० साली बोरीबंदर स्टेशनासमोर अंजुमनच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसली, आणि १८९३ साली ती उघडली गेली.

बारकाईने पाहिले तर अंजुमनने मुलांना दिले ते कमरुद्दीन यांनी धाकट्या भावाला दिले तेच. पुढच्या पायरीची माहिती, ती चढण्यापुरती भाषा, आणि मागे उभे असलेले कोणीतरी. पुढे याच अंजुमनच्या छत्राखाली साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्थेसारख्या संस्था आल्या, म्हणजे वकील-डॉक्टर न होणाऱ्या मुलांच्या हाताच्या कसबाचाही विचार झाला.

मुलींच्या बाबतीतही त्यांनी आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. त्या काळच्या टीकेला न जुमानता सर्व मुलींना मुंबईत शाळेत घातले, आणि १९०४ साली दोघींना विलायतेतल्या हॅसलमियर येथील शाळेत पाठविले. १९०३ साली मुंबईस भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि स्त्रीशिक्षणाचा त्यांनी तिथे स्पष्ट पुरस्कार केला. मुलगी दहावी झाली की दाखला पेटीत ठेवून देणाऱ्या घरांनी हे साल वाचावे. एकशे वीस वर्षे उलटून गेली.

१८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वकिलीत मिळणाऱ्या पैशाच्या मानाने न्यायाधीशाचा पगार कमी. तरी त्यांनी ती जागा पत्करली. त्यांच्या न्यायासनाची एक हकीकत सर्व महाराष्ट्राने लक्षात ठेवावी अशी आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टातही आधी तो मिळाला नाही. अखेर ऑगस्टमध्ये अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारला तो रुचणारा नव्हता. टिळकांच्या आणि तय्यबजींच्या मतांत अंतर होते. कायद्यात जे बसत होते ते त्यांनी केले. पुढे १९०२ साली काही काळ त्यांनी मुख्य न्यायमूर्तींचे काम पाहिले. हायकोर्टाच्या त्या खुर्चीवर हिंदी माणूस प्रथमच बसला.

घराण्यातल्या पुढच्या पिढीकडे पाहिले की आखणीचा परिणाम दिसतो. चिरंजीव मोहसिन आय. सी. एस. परीक्षेच्या वाटेने सनदी नोकरीत गेले. फैज बॅरिस्टर झाले, मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ वकिलांना परिचित आहे, आणि तेही हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पुतणे अब्बास तय्यबजी बडोदे संस्थानाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि उतारवयात गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पुतणी अमीना यांचे पती सर अकबर हैदरी. त्यांचा आपल्या बीडशी संबंध येतो.

अकबर हैदरी हेही मुंबईचेच. पदवी घेऊन १८८८ साली ते हिंदुस्थान सरकारच्या वित्त खात्यात दाखल झाले. हिशेब हा त्यांचा विषय. १९०५ साली त्यांना निजाम सरकारकडे अकाउंटंट जनरल म्हणून पाठविण्यात आले, आणि तेथेच चढत चढत ते १९३७ साली संस्थानाचे पंतप्रधान झाले. बीड त्या वेळी हैदराबाद संस्थानाचा जिल्हा. १९१८ साली उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत हैदरींचा मोठा वाटा होता. उर्दूतून पदवीपर्यंतचे शिक्षण तिथे मिळू लागले आणि मराठवाड्यातल्या मुलांना त्याचा उपयोग झाला. कचेरीची भाषा उर्दू, विद्यापीठाची भाषा उर्दू. वाट सरळ होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत कचेरीची भाषा बदलली. ज्या घरांनी हा बदल वेळीच ओळखून मुलांना मराठी आणि इंग्रजी पक्की शिकवली, ती घरे नोकऱ्यांत टिकली. ज्यांनी ओळखला नाही, त्यांच्या मुलांवर शिकूनही बेकार राहण्याची पाळी आली. तय्यबअलींनी गुजरातीच्या घरात उर्दू आणली आणि उर्दूच्या मुलाला लॅटिन शिकू दिली, ते आठवावे. घरची भाषा सोडायची नसते. पोटाची भाषा तिच्या शेजारी बसवायची असते.

आजही पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा मराठीतून होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागतात. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने अकरावीपासूनच या दोन भाषांना रोज तासभर दिला, तर भरतीच्या वेळी तो कोणाच्या मागे राहणार नाही. ज्याला वकिलीची ओढ आहे त्याने बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, त्यासाठीची सीईटी, आणि न्यायाधीशाच्या पहिल्या परीक्षेसाठी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवश्यक ठरविलेली तीन वर्षांची वकिली, एवढ्या पायऱ्या एका कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. बीडच्या अशिलाला आता हायकोर्टासाठी मुंबईस जावे लागत नाही. १९८१ पासून मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आहे. तय्यबजी ज्या कोर्टात बसले त्याच कोर्टाची ती शाखा. तिथे बीड जिल्ह्यातून रोज कागद जातात; कागद नेणारे आपल्यातले कितीजण आहेत आणि त्यावर युक्तिवाद करणारे कितीजण, हे पालकांनी एकदा मोजून पाहावे.

आणखी एक. या शाळांतून शिकून जे आज कुठे तरी स्थिर झाले आहेत, तलाठी असोत, परिचारिका असोत, पुण्याच्या कारखान्यात फिटर असोत किंवा बँकेत असोत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर दोन तास शाळेत यावे. भाषण नको. कोणता अर्ज कधी निघतो, कोणते दाखले लागतात, पहिल्या वर्षी काय कठीण गेले, एवढे नववी-दहावीच्या मुलामुलींना सांगावे. कमरुद्दीन यांनी धाकट्या भावासाठी केले ते याहून फार निराळे नव्हते, आणि याला खर्च येत नाही.

१९०६ साली बद्रुद्दीन रजेवर लंडनला गेले होते. ज्या शहरात सोळाव्या वर्षी लॅटिनची मुळाक्षरे गिरविली, तिथेच त्या ऑगस्टात हृदय बंद पडून त्यांचा इंतकाल झाला. मय्यत मुंबईस आणून दफन करण्यात आली. बीडचा विद्यार्थी परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी मुंबईस गेला आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरला, की रस्त्यापलीकडे अंजुमनची १८९३ ची ती इमारत उभी आहे. शाळा अजून तिथेच भरते.